तान्हूमावशीचा कान

तान्हूमावशी माणसाला चेहऱ्यावरून कधीच ओळखत नसे. समोरून गेलात तर डोळे बारीक करून बघत राहायची आणि वर "कोन म्हनायचं?" असं विचारायची. पण तुम्ही पाठमोरे चाललेले असलात की लांबूनच हाक यायची, "अय गायकवाडाच्या, खांदा अजून वाकडाच हाय की रं तुजा!" चिखलीतल्या कितीतरी तरण्या पोरांची पहिली ओळख तिला पाठीकडूनच झालेली. न्हाणीत पाय लांब करून बसायचं, त्या पायांवर बाळ पालथं घालायचं आणि मानेपासून टाचेपर्यंत तेल जिरवायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. चेहरे काय, मिशा फुटल्या की बदलतात, पाठ बदलत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

एकदा भाजीच्या हातगाडीपाशी तिनं वर्दीतल्या एका हवालदाराच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. भाजीवाल्याच्या हातातला तराजू सुटायचाच बाकी राहिला. हवालदार चिडून वळला आणि तिला बघून एकदम लहान झाला. "मावशी, लोक बघतायत," म्हणाला. "बघू दे की. न्हाताना लई बोंबलायचा ह्यो," मिरच्या निवडता निवडता तिनं सगळ्यांना सांगितलं. त्या चौकात त्यानं पुन्हा ड्यूटी घेतली नसावी. मला तरी तो तिथं परत दिसला नाही.

आता ती नाही. पण तव्यावर ओवा पडला की अजून हातातलं काम टाकून मी मुलाच्या पाठीमागे जाऊन उभी राहते. तो अभ्यास करत असतो. मी त्याचा श्वास ऐकते. "आई, परत आलीस का?" असं तो वैतागून विचारतो. मी निघून जाते, पण ऐकून झाल्याशिवाय नाही. हे वेड मला तिनं लावलं आणि ते जात नाही.

नाव तान्हूबाई आणि हातात कायम कुणाचं तरी तान्हं, त्यावरून तिची खूप चेष्टा व्हायची. ती मूळ चिखली गावातली. तिच्या सासऱ्याच्या शेतात आता पत्र्याच्या शेड उभ्या आहेत, एकीत लेथ फिरतात, दुसरीत लोखंडी भागांना पावडर कोटिंग होतं. आम्ही सगळे बाहेरून आलेले. मी परभणीची, भिंतीला भिंत लागून राहणारी शबाना सोलापूरकडची. तिचा नवरा गाड्या दुरुस्त करायचा, माझा भोसरीत कंपनीत. आमच्या दोघींचीही आई जवळ नव्हती आणि नवऱ्यांना सुट्टी नव्हती. आमच्या गल्लीत कुणाचं बाळंतपण आलं की दवाखाना कुठला, हा दुसरा प्रश्न असायचा. पहिला प्रश्न, तान्हूमावशी मोकळी आहे का.

माझा ईशान झाला तेव्हा ती दार ढकलून आत आली आणि बाळाकडे न बघता आधी खिडकी लावली. "वारं आत न्हाई आलं पायजे." हे तिचं पालुपद. मग जुन्या लुगड्याच्या चिंध्या काढल्या आणि खिडकीच्या फटीत बोटानं दाबून बसवल्या. मी शाळेत शिकवणारी बाई, मला बोलायला हवं होतं असं कुणाला वाटेल. पण मला ते पटलं होतं. समोरच्या शेडमध्ये ज्या रंगाची ऑर्डर असेल त्या रंगाची बारीक पूड आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर बसायची, कधी निळी, कधी पोपटी. त्यात रस्त्याची धूळ, ट्रकचा धूर आणि मागच्या भंगाराच्या गोदामात तांब्यासाठी जाळलेल्या वायरींचा वास. असली हवा पोराच्या नाकात जाण्यापेक्षा खिडकी बंद बरी, हे कुणालाही पटेल.

आंघोळीनंतर धुरी. घमेल्यात निखारे, त्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणीची सालं. धूर उठला की दुपट्यात गुंडाळलेलं बाळ ती त्यावरून सावकाश फिरवायची, आधी पोटाकडून, मग पाठीकडून. मग तेच घमेलं माझ्या बाजेखाली सरकवायची. खोली अशी भरून जायची की मला समोरची भिंत दिसेना. डोळ्यांना धारा लागायच्या. "रड, रड. समदं भाईर पडू दे," म्हणायची. सगळ्यात शेवटी बाळाच्या उघड्या छातीला ती कान लावायची, डोळे मिटून. आम्ही सगळे गप्प. मग तिच्या तोंडून एकच शब्द यायचा.

"साफ."

तो शब्द आल्याशिवाय घरात कुणी चहाला हात लावायचं नाही. शबानाच्या घरी तिच्या सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हमारे में लोबान डालते, मावशी." तान्हूमावशीनं ओव्यावर लोबानही टाकला. "तुमच्यात ते, आमच्यात हे. पोराला काय कळतंय? त्याला ऊब कळती." शबानाच्या अस्लमच्या छातीलाही तिनं असाच कान लावला आणि असंच "साफ" म्हटलं.

तिला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असेल तर निखाऱ्याच्या लाकडाचा. तिचा मुलगा बाळू चाकणला एका कंपनीच्या स्टोअरला होता. परदेशातून मशिनं ज्या लाकडी खोक्यांतून येतात, त्यांच्या मोडक्या फळ्या तो मोटरसायकलला बांधून घरी आणायचा. "बाभळीचं न्हाई गं, कंपनीचं लाकूड हाय. जर्मनीचं," ती मला फळी दाखवून म्हणायची. "हात फिरीव, कसं गुळगुळीत! ह्या धुरीचं पोरगं सायेब हुनार." काही फळ्यांवर निळे शिक्के असायचे, काहींवर तेलाचे डाग. तेलकट फळी ती मुद्दाम निवडून घ्यायची, कारण ती पटकन पेटते आणि निखारा टिकतो. चांगल्यातलं चांगलं ते बाळांसाठी, चुलीला साधं जळण, असा तिचा हिशेब होता. तिच्यासारखी मायाळू बाई मी पाहिली नाही, आणि आता हे लिहिताना नेमकी तीच गोष्ट सोसत नाही.

मग बऱ्याच वर्षांनी बाळूला मुलगा झाला. साऱ्या गावाची बाळं पायावर घेतलेल्या बाईच्या पायावर एकदाचा स्वतःचा नातू आला. नाव काहीतरी आधुनिक ठेवलं होतं, पण ती त्याला सोन्याच म्हणायची. दुसऱ्यांच्या बाळांना सकाळची एक धुरी, सोन्याला संध्याकाळचीही. सून रेश्मा सांगवीची, शिकलेली, पण सासूच्या हातावर तिचा पूर्ण विश्वास होता. सोन्या रांगायला लागला आणि सारखा खोकायला लागला. सर्दी हटेना. तान्हूमावशीनं ओवा वाढवला.

एका दुपारी रेश्मा धावत माझ्या दारात आली. बाळू शिफ्टला होता, शाळेला सुट्टी म्हणून मी घरी होते. आम्ही दोघी आणि तान्हूमावशी सोन्याला घेऊन रिक्षात बसलो. पोराच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जात होत्या आणि छातीतून बारीक शिट्टी येत होती, रिक्षाच्या आवाजातही ऐकू येईल अशी. रेश्मा रडत होती. तान्हूमावशी त्याची पाठ चोळत होती आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "काल धुरी कमी पडली. काल कमी पडली."

डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला मास्क लावला. औषधाची वाफ छातीत गेली, शिट्टी हळूहळू उतरली, ओठांचा रंग परत आला. मग त्या आमच्याकडे वळल्या. "घरात कशाचा धूर होतो का?"

"धूर न्हाई," तान्हूमावशी ताठ बसत म्हणाली. "धुरी. मी सोता देते."

"कशावर देता?"

"निखाऱ्यावर. बाभळीच्या न्हाई, कंपनीच्या लाकडाच्या."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. त्यांनी आवाज चढवला नाही, हे मला आजही त्यांचं मोठेपण वाटतं. "आजी, त्या फळ्यांना तेल लागलेलं असतं, रंग असतो, कीड लागू नये म्हणून कशाकशाची फवारणी केलेली असते. ते सगळं जळून धुरात येतं. आणि साध्या लाकडाचा, ओव्याचा धूर असला तरी त्यात कण असतात, इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. लहान मुलाच्या नळ्या नाजूक, त्या सुजतात."

"म्हंजी हे माज्यानं झालं?"

"तुमच्या एकटीमुळे असं मी म्हणत नाही. बाहेर काय हवा आहे ते बघताच आहात. कारखाने, गाड्या, रस्त्याची धूळ, जाळलेला कचरा. काही मुलांची छाती जन्मतःच जरा हळवी असते. सगळ्यांचं थोडं थोडं असतं, आजी."

तान्हूमावशीनं सोन्याकडे बघितलं. मास्कमध्ये त्याचं तोंड झाकलं होतं, नुसते डोळे दिसत होते.

"त्यातलं माजं किती?"

"ते असं वेगळं काढता येत नाही."

"तांदळातनं खडं निवडत्यात की बाई. सांगा, माजं किती?"

डॉक्टरीणबाई रेश्माकडे वळल्या. श्वासाच्या औषधाचा पंप सोन्याला कसा ओढायला लावायचा ते तिला दाखवायला लागल्या.

घरी आल्यावर तान्हूमावशीनं घमेलं न्हाणीमागं पालथं घातलं ते कायमचं. उरलेल्या फळ्या तिनं बाळूला परत न्यायला लावल्या, जाळून टाकायची तिची हिंमत होईना. रेश्मा एका शब्दानं तिला बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी ती न्हाणीत पाय लांब करून बसली आणि सोन्यासाठी हात पुढे केले, तेव्हा रेश्मा म्हणाली, "राहू द्या आई, मीच घालते." तान्हूमावशी तशीच बसून राहिली, पायांवर कुणी नसताना. मी कपबशा परत द्यायला गेले होते, ते मी बघितलं आणि कपबशा तिथंच ठेवून निघून आले.

त्यानंतर तिला स्वतःच्या घरच्या खिडकीचं काय करावं ते कळेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, घरात धूर कोंडू देऊ नका, हवा खेळती ठेवा. म्हणून चिंध्या काढून ती खिडकी उघडायची. समोरून पोपटी पूड आत यायची. ती कट्ट्यावरून बोट फिरवायची, बोटाकडे बघायची आणि खिडकी लावायची. मग आत स्वैपाकाची फोडणी, डासांची कॉइल. पुन्हा उघडायची. एकदा मी गल्लीतून चालले होते तर तिनं मला थांबवलं. खिडकीचे गज धरून विचारलं, "पोरी, उगडू का लावू? तू शिकलेली हाईस, सांग." मी म्हटलं, "आत्ता समोरची शेड बंद आहे मावशी, उघडा." संध्याकाळी बघितलं तर ती तिथंच उभी, शेडकडे डोळे लावून.

बाळंतिणींची बोलावणी यायची. ती जायची, तेल लावायची, न्हाऊ घालायची, आणि धुरीचं नाव काढलं की हात झटकून उठायची. गावातल्या म्हाताऱ्या चिडल्या. "बिनधुरीचं बाळ म्हंजी काय, मांजर धुतल्यासारखं?" एका घरानं तर दुसरी बाई लावली. तान्हूमावशी त्या घराच्या दाराशी जाऊन उभी राहिली, "नगा देऊ, नगा देऊ" म्हणत राहिली. तिचं काम गेलं म्हणून तिला पोटदुखी झाली, असं त्या लोकांनी सगळीकडे सांगितलं. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्या बारशाला गेले नाही.

आणि मग तिचं ते फिरणं सुरू झालं.

ज्यांना ज्यांना तिनं धुरी दिली होती, त्या प्रत्येकाची छाती तिला ऐकायची होती. ती घराघरात जायची. शाळेतून येणाऱ्या मुलांना वाटेत अडवायची. जिममधून निघालेल्या दंडवाल्या पोरांचे टी-शर्ट वर करायची. आधी सगळ्यांना गंमत वाटली. पोरं एकमेकांना ढकलायची, "जा, तुझा नंबर." ती छातीला कान लावायची, डोळे मिटायची, आणि आम्ही सगळे त्या जुन्या शब्दाची वाट बघायचो. तो शब्द येत नसे.

"वाजतंय," ती म्हणायची.

ईशानच्या छातीला तिनं कान लावला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "वाजतंय गं पोरी. बारीक शिट्टी हाय." मी लाटणं तसंच टाकलं. संध्याकाळीच मी त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी पाठीला, छातीला नळी लावून ऐकलं. काही नव्हतं. मी येऊन तान्हूमावशीला सांगितलं, "साफ आहे म्हणाल्या." तिनं मान हलवली. "त्यांचं यंतर थंड असतंय. माजा कान गरम हाय. मला आयकू येतंय."

तिला प्रत्येकाची छाती वाजताना ऐकू येत होती. गायकवाडाच्या वाकड्या खांद्याच्या पोराची, त्या हवालदाराची, आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मुलाची. लोक टाळायला लागले. मुलं तिला बघून पळायची. बाळूनं तिला घरात बसवायचा प्रयत्न केला, पण तो शिफ्टला गेला की ती बाहेर. सोन्या तोवर पंपावर चांगला सावरला होता, बालवाडीत जायचा, धावायचा. ती त्याच्या मागं धावायची नाही. तिचं म्हणणं, त्याला रेश्मा ऐकते, बाकीच्यांना कोण ऐकणार?

एका दुपारी ती माझ्या पायरीवर टेकली. चढ चढून आली होती. ईशान शाळेत, गल्लीत चिटपाखरू नाही. मी पाणी आणायला आत गेले आणि परत येताना उंबऱ्यातच थांबले. बारीक शिट्टी ऐकू येत होती. सोन्याच्या छातीतून रिक्षात आली होती तशीच. आत जाताना बारीक, बाहेर येताना लांब. पायरीवर तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

मी तिच्या शेजारी बसले. सरळच बोलले. "मावशी, हे तुमचं वाजतंय. पोरांचं नाही. तुम्ही छातीला कान लावता ना, तेव्हा तुमचाच श्वास तुम्हाला ऐकू येतो."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि खरंच हसली. हसता हसता खोकली.

"माजं कशापायी वाजंल? मला कवा कुनी धुरी दिली?"

प्रत्येक बाळ धुरीवरून क्षणभर फिरायचं, आई महिना-दीड महिना धुरात असायची. आणि ही बाई घरोघरी, सकाळी सकाळी, खिडक्यांना चिंध्या लावून, घमेल्यावर वाकून निखारे फुंकत आली होती. सगळ्यांच्या वाटची धुरी तिनं घेतली होती आणि ती तिच्या मोजण्यातच नव्हती. "चला, डॉक्टरांकडे जाऊ," मी म्हटलं. "मला काय धाड भरलीय," म्हणून ती उठली आणि पाणी न पिताच गेली.

ती गेली त्या हिवाळ्यात. चिखलीवर सकाळी साचतं ते धुकं की धूर हे कळत नाही, अशा दिवसांत तिला दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. तिथल्या डॉक्टरांनी बाळूला विचारलं, "आई किती वर्षं बिडी ओढत होती?" बाळूनं मला हे सांगितलं तेव्हा तो रडत होता. तिनं आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता.

पण मला आठवते ती दवाखान्यातली नाही. त्याच्या थोडं आधी, एका सकाळी मी शाळेला निघाले होते. कोपऱ्यावर चाकणच्या कंपनीची बस लागलेली, गणवेशातली पोरं चढत होती. शेवटी अस्लम होता, शबानाचा. नुकताच कामाला लागलेला, सहा फुटी गडी. त्याच्या पाठीवर ओळखीचा धपाटा बसला.

तो वळला. बाकीच्या पोरांसारखा पळाला नाही. त्यानं शर्टाची वरची बटणं काढली आणि तिच्या उंचीला येण्यासाठी गुडघे वाकवून उभा राहिला. तान्हूमावशीनं दोन्ही हातांनी त्याचे दंड धरले आणि छातीला कान लावला. मी अगदी जवळ होते. अस्लमनं माझ्याकडे बघितलं, एक मोठा श्वास घेतला आणि तो कोंडून धरला. मला कळलं तो काय करतोय. त्याला वाटलं, श्वासच घेतला नाही तर काही वाजणार नाही, आणि म्हातारी एकदा तरी तो जुना शब्द म्हणेल.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कुणीतरी आतून ओरडलं, "चल की भावा!" अस्लम हलला नाही. त्याचा चेहरा लाल होत गेला, मानेच्या शिरा फुगल्या. तान्हूमावशी डोळे मिटून ऐकत होती. तिच्या सुरकुतलेल्या गालावरून पाणी वाहत होतं.

"अजून वाजतंय रं," ती म्हणाली. "ह्यातलं माजं किती?"

अस्लमनं श्वास अजून सोडलेला नव्हता.